दोन वर्तुळांच्या मधली जागा

कागदावर एक वर्तुळ काढा. त्याच्या शेजारी, पण थोडे त्याच्या अंगावर चढलेले असे दुसरे वर्तुळ काढा. आता दोन्ही काळ्या शाईने रंगवायची आहेत. मधे जो सामाईक भाग तयार झाला आहे, पिंपळाच्या कोवळ्या पानासारखा, त्याचे काय करायचे? लहान मूल इथे क्षणभरही थांबत नाही. ते सगळेच काळे करून टाकते, आणि दोन वर्तुळांचा मिळून एक भोपळा होतो. चित्रकार असेल तर तो एक वर्तुळ पुढे आणि एक मागे दाखवील. म्हणजे मागच्याचा एक तुकडा झाकला जाईल. पण तिसराही एक मार्ग आहे. मधला भाग पांढरा सोडायचा. मग पाहा, दोन्ही वर्तुळांच्या कडा पूर्ण दिसतात, कोणी कोणाला झाकत नाही, कोणी कोणात विरघळत नाही. फक्त तेवढ्या जागेपुरता रंग उलटतो.

आज संगणकावर रेखाचित्रे करण्याचे जे कोणतेही सॉफ्टवेअर आहे त्यात ही किमया एका बटणावर होते. लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पाटीवर, पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आपण ती रोज पाहतो. अक्षर अर्धे काळ्या पट्ट्यावर पांढरे असते आणि अर्धे पांढऱ्या कागदावर काळे. आपल्याला वाटते, ही संगणकाची करामत. प्रत्यक्षात तिचा इतिहास संगणकापेक्षा फार जुना आहे. आणि त्या इतिहासातून एक साधा प्रश्न पुन्हा पुन्हा डोके वर काढतो : जी जागा दोघांची आहे, ती कोणाची समजायची?

युरोपात बाराव्या शतकात सरदारांच्या ढालींवर घराण्यांची चिन्हे रंगवण्याची पद्धत रूढ झाली. डोक्यापासून पायापर्यंत चिलखतात शिरलेला माणूस ओळखायचा तो ढालीवरून. पुढे या चिन्हांचे रीतसर शास्त्रच तयार झाले. त्यात रंगांचे दोन वर्ग होते. सोनेरी आणि रुपेरी हे 'धातू'. लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे 'रंग'. नियम असा, की धातूवर धातू ठेवायचा नाही आणि रंगावर रंग ठेवायचा नाही. कारण व्यवहारी होते. लढाईच्या धुळीतून निळ्यावरचे काळे चिन्ह दिसत नाही, पिवळ्यावरचे काळे चटकन दिसते.

अडचण केव्हा येई, तर ढालच मधोमध दुभागलेली असली म्हणजे. समजा, अर्धी ढाल रुपेरी आणि अर्धी लाल आहे. तिच्यावरून एक तिरका पट्टा न्यायचा आहे. त्याला लाल रंग दिला तर तो लाल भागात बुडतो, रुपेरी दिला तर रुपेरी भागात. यावर तोडगा निघाला तो असा : पट्ट्याने सीमा ओलांडली की त्याने रंग बदलायचा. रुपेरी भागात तो लाल, लाल भागात रुपेरी. ढालीचे दोन रंग, पट्ट्याचेही तेच दोन रंग, फक्त जागा अदलाबदल केलेल्या.

अशी ढाल खरोखर आहे, आणि मला आनंद याचा की ती एका कवीची म्हणून ओळखली जाते. जेफ्री चॉसर हा चौदाव्या शतकातला इंग्रज कवी. लंडनच्या एका द्राक्षमद्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा. १३७४ पासून लंडनच्या बंदरात लोकरीच्या जकातीवर देखरेख करणारा अधिकारी. दरबारात फ्रेंच आणि विद्वानांत लॅटिन चालत होती त्या काळात त्याने बाजारातल्या इंग्रजीत काव्य लिहिले. १४०० साली तो वारला आणि वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याला पुरले. त्याचे ढालचिन्ह म्हणजे हीच रुपेरी-लाल दुभागलेली ढाल आणि रंग बदलत जाणारा तिचा तिरका पट्टा. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याच्या झेंड्यावरही हा प्रकार पाहायला मिळतो. १९०४ साली अधिकृत झालेल्या या झेंड्यात काल्व्हर्ट घराण्याचे चिन्ह आहे : सोनेरी आणि काळे मिळून सहा उभे पट्टे, आणि त्यांच्यावरून गेलेला एक तिरका पट्टा. तो सोनेरीवर काळा होतो, काळ्यावर सोनेरी. ज्या लोकांना संगणक स्वप्नातही ठाऊक नव्हता, त्यांनी हाताने कुंचला फिरवून 'जिथे चढेल तिथे उलटेल' हा नियम पक्का केला होता.

छापखान्यात मात्र हे इतके सोपे नव्हते. आपल्याकडे जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला आणि देवनागरी खिळ्यांना सुबक वळण दिले. पण खिळा शेवटी शिशाचा. शिशाचा एक तुकडा जिथे बसला आहे तिथे दुसरा बसू शकत नाही. म्हणून खिळ्यांच्या जगात 'एकावर एक' हा प्रश्नच नव्हता; तिथे सगळे 'एकाला लागून एक' होते. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर शिरोरेषेचा आपापला तुकडा असे, आणि खिळे शेजारी शेजारी घट्ट बसवले की त्या तुकड्यांची मिळून एक ओळ होई. खिळे झिजले की मधे बारीक फट दिसू लागे. जुन्या पुस्तकांत शिरोरेषा तुटक दिसते ती यामुळे.

काळ्या पट्ट्यावर पांढरी अक्षरे हवी असली, म्हणजे छापखान्याच्या भाषेत 'रिव्हर्स', तर जस्ताचा ब्लॉक करावा लागे. पुढे ऑफसेट आले, फिल्म आली. अर्धे अक्षर काळे आणि अर्धे पांढरे हवे असेल तर एकाच अक्षराची सुलटी आणि उलटी अशा दोन्ही फिल्म करायच्या, सीमारेषेवर ब्लेडने कापायच्या आणि केसाइतकाही फरक न पडता जोडायच्या. हे हातकसबाचे, वेळखाऊ काम. साहजिकच ते जपून वापरले जाई.

आता थोडे तर्कशास्त्राकडे वळू, कारण पुढची सगळी वाट तिथून जाते. इंग्लंडमधल्या लिंकन गावात १८१५ साली एका चांभाराच्या घरी जॉर्ज बूल जन्मला. महाविद्यालयाचे तोंड न पाहता तो स्वतःच शिकला आणि १८४९ साली आयर्लंडमध्ये कॉर्कच्या कॉलेजात गणिताचा प्राध्यापक झाला. त्याची पत्नी मेरी ही भारताच्या सर्वेक्षणाचे प्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी. १८५४ साली बूलने विचारांच्या नियमांवर ग्रंथ लिहिला. 'आणि', 'किंवा', 'नाही' या शब्दांचेही बीजगणित करता येते, हे त्याचे सांगणे.

यातला 'किंवा' मोठा लबाड शब्द आहे. मराठीत आपल्याकडे त्याची दोन रूपे आहेत, आणि ती आपण न चुकता वापरतो. "दाखला म्हणून रेशनकार्ड किंवा वीजबिल आणा" असे म्हटले आणि तुम्ही दोन्ही नेलीत, तर कोणी परत पाठवत नाही. पण "चहा घेणार की कॉफी?" असे विचारले तर दोन्ही मागता येत नाहीत. 'किंवा'मध्ये दोघांना जागा आहे, 'की'मध्ये एकालाच. बूलने बेरजेचे चिन्ह वापरले ते ज्या दोन गटांत काहीच सामाईक नाही अशांसाठीच. सामाईक भागासकट बेरीज करायची सूट पुढे १८६४ साली विल्यम जेव्हन्स या तर्कशास्त्रज्ञाने मांडली. आज संगणकशास्त्रात या दोन प्रकारांना वेगवेगळी नावे आहेत. 'किंवा' म्हणजे ऑर. आणि 'की' म्हणजे एक्स-ऑर : हा तरी, तो तरी, पण दोन्ही नाही.

हा 'की' माझ्या ओळखीचा आहे. कविसंमेलनात माझी ओळख करून दिल्यावर, माझे नाव ऐकल्यावर, कोणीतरी अगदी सद्भावनेने विचारते, "तुम्ही मराठी की मुसलमान?" प्रश्नातला 'की' जितका लहान तितकाच कडक असतो. दोन वर्तुळांच्या मधल्या पानाच्या जागी उभा असलेला माणूस त्याच्या हिशेबात नसतोच. विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. त्याने फक्त अव्यय चुकीचे निवडलेले असते. पण अव्यय निवडले की उत्तराची जागा ठरून जाते, हे बूल वाचल्यावर मला नीट कळले.

हा तर्क घराघरांत पोहोचला तो दिव्याच्या रूपाने. जिन्याचा दिवा आठवा. एक बटण खाली, एक बटण वर. खालचे दाबले, दिवा लागला. वर जाऊन वरचे दाबले, दिवा विझला. कोणतेही एक बटण दाबा, दिव्याची अवस्था उलटते. हाच एक्स-ऑर. विजेच्या बटणांची मांडणी बूलच्या बीजगणिताने सोडवता येते, हे क्लॉड शॅनन या तरुणाने १९३७ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या आपल्या प्रबंधात दाखवले. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. संगणकाच्या पोटातली सगळी गणिते या पायावर उभी राहिली.

त्याच एमआयटीत १९६३ साली आयव्हन सदरलँडने 'स्केचपॅड' तयार केले. पडद्यावर प्रकाशाच्या लेखणीने रेघ ओढायची आणि संगणकाने ती रेघ म्हणून लक्षात ठेवायची. आजच्या रेखाचित्रांच्या सॉफ्टवेअरचे मूळ इथे आहे. पुढे पडदे ठिपक्यांचे झाले. प्रत्येक ठिपका एक तर काळा नाही तर पांढरा. १९८४च्या जानेवारीत ॲपलचा मॅकिन्टॉश बाजारात आला. त्याच्या पडद्यावर आडवे ५१२ आणि उभे ३४२ ठिपके होते, म्हणजे एकूण १,७५,१०४. स्मृती केवळ १२८ किलोबाइट. आजच्या मोबाइलवरचा एक फोटोसुद्धा तीत मावणार नाही.

या तुटपुंज्या स्मृतीत एक अडचण होती. चित्रावरून तात्पुरती रेघ फिरवायची आहे. वापरणारा माउस ओढतो तशी ती रबरासारखी ताणली जायला हवी, आणि पुढे सरकल्यावर खालचे चित्र जसेच्या तसे परत यायला हवे. खालचे चित्र वेगळे साठवून ठेवायला जागा कुठून आणायची? इथे जिन्याच्या बटणाची युक्ती उपयोगी पडली. रेघेखालचे ठिपके नुसते उलटायचे. काळ्यावर रेघ पांढरी दिसेल, पांढऱ्यावर काळी. रेघ काढून टाकायची वेळ आली की तेच ठिपके पुन्हा उलटायचे. उलट्याचे उलट म्हणजे सुलटे. खालचे चित्र परत हजर, आणि त्यासाठी एक ठिपकाही साठवावा लागला नाही. मॅकिन्टॉशची चित्रप्रणाली बिल ॲटकिन्सन यांनी लिहिली. तीत ही सोय मुळापासून होती. ढालीवर जे दिसण्यासाठी केले होते, ते इथे काटकसरीसाठी झाले. अमेरिकेत १९८० साली या उलटापालटीवर एका कंपनीने पेटंटही मिळवले होते, आणि ज्यांनी ही युक्ती आपणहून शोधली होती त्यांनाही पैसे मोजावे लागले.

ठिपक्यांचा प्रश्न असा सुटला. पण छपाईला ठिपके चालत नाहीत. अक्षर नखाएवढे छापा की भिंतीएवढे, त्याची कड गुळगुळीत राहायला हवी. त्यासाठी आकाराची फक्त बाह्यरेषा गणिताच्या वक्ररेषेने सांगायची आणि आतला भाग भरायचे काम यंत्रावर सोडायचे, ही पद्धत आली. १९८२ साली जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी अडोबी कंपनी काढली. १९८४ साली त्यांची 'पोस्टस्क्रिप्ट' ही पृष्ठवर्णनाची भाषा आली आणि १९८७ साली 'इलस्ट्रेटर' हे चित्रांचे सॉफ्टवेअर. आणि इथेच आपला जुना प्रश्न नव्या रूपात समोर आला. आतला भाग भरायचा हे खरे, पण 'आत' म्हणजे कुठे?

साधे वर्तुळ असेल तर हा प्रश्न वेडगळ वाटेल. पण आकार एकमेकांवर चढले की तो वेडगळ राहत नाही. याची दोन उत्तरे आहेत, आणि पोस्टस्क्रिप्टने दोन्ही ठेवली.

पहिले उत्तर सम-विषमाचे. दौलताबादच्या किल्ल्याला अंबरकोट, महाकोट आणि कालाकोट असे एकात एक कोट आहेत. कागदावर त्यांची तीन कडी काढा. आता कुठल्याही जागी उभे राहून सरळ रेषेत बाहेर चालत सुटा आणि किती भिंती ओलांडल्या ते मोजा. संख्या विषम आली तर तुम्ही 'आत' होता, सम आली तर 'बाहेर'. अगदी आतला माणूस तीन भिंती ओलांडतो, तो आत. मधल्या पट्टीतला दोन ओलांडतो, तो बाहेर. बाहेरच्या पट्टीतला एक ओलांडतो, तो पुन्हा आत. मधल्या पट्टीत राहणाऱ्याला हे सांगून पाहा, तो हसेल. तो किल्ल्यातच आहे. पण नियम म्हणतो, बाहेर. आता हाच नियम आपल्या दोन वर्तुळांना लावा. मधल्या पानातून बाहेर पडताना दोन रेषा ओलांडाव्या लागतात. दोन म्हणजे सम. म्हणून मधली जागा रिकामी. हा पुन्हा तोच 'की'.

दुसरे उत्तर फेऱ्यांचे. बाह्यरेषा त्या जागेभोवती कोणत्या दिशेने फिरते ते मोजायचे. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरली तर अधिक एक, उलट फिरली तर उणे एक. देवळातली प्रदक्षिणा एका दिशेने असते, काबागृहाभोवतीचा तवाफ उलट दिशेने. पण भाविकाला विचाराल तर फेरी ती फेरीच. यंत्र मात्र दिशा बघते. शेवटी बेरीज शून्य आली तर ती जागा बाहेरची. शून्य सोडून काहीही आले तर आतली. दोन्ही वर्तुळे एकाच दिशेने काढली असतील तर मधल्या पानाची बेरीज दोन येते. म्हणजे ती जागा भरलेली. 'व' या अक्षराच्या पोटातली पोकळी या पद्धतीत कशी राखतात? बाहेरची रेषा एका दिशेने आणि पोटातली विरुद्ध दिशेने काढून. बेरीज शून्य होते आणि पोकळी मोकळी राहते.

म्हणजे बघा, आकार तेच, रेषा त्याच, जागाही तीच. एका नियमाने ती रिकामी ठरते, दुसऱ्याने दुप्पट भरलेली. १९८९ साली कॅनडातून 'कोरलड्रॉ' आले. आपल्याकडच्या गल्लीबोळातल्या डीटीपीवाल्यांनी ते असे आपलेसे केले की पत्रिका, पावतीपुस्तके, फ्लेक्स सगळे त्यातून निघू लागले. त्यात दोन आज्ञा शेजारी शेजारी राहतात. एक 'कंबाईन', दुसरी 'वेल्ड'. दोन आकार निवडून 'कंबाईन' केले की सम-विषमाचा नियम लागतो आणि सामाईक भागाला भोक पडते. काळ्या पट्ट्यावर अर्धे चढलेले काळे अक्षर क्षणात अर्धे पांढरे होते. ज्या कामाला पूर्वी दोन फिल्म आणि एक ब्लेड लागे, ते एका आज्ञेत. 'वेल्ड' केले तर दोन्ही आकारांचा एकजीव तुकडा होतो, मधली सीमा पुसली जाते.

एक बारीक गोष्ट इथे ध्यानात घ्यायला हवी. 'कंबाईन'ने पडलेले भोक पांढरे नसते, रिकामे असते. पांढऱ्या कागदावर ते पांढरे दिसते. हळदी रंगाच्या पत्रिकेवर तेच हळदी दिसते. पांढरा हा रंग आहे आणि रिकामे म्हणजे रंगाचा अभाव, हा फरक पडद्यावर कळत नाही, छापून आल्यावर कळतो.

आणि आता देवनागरीचे दुखणे. इंग्रजी अक्षरे एकमेकांपासून सुटी असतात. आपली अक्षरे शिरोरेषेला धरून चालतात. शिशाच्या खिळ्यांत जी फट पडत होती ती टाळण्यासाठी संगणकाच्या फाँटमध्ये एक छान सोय केली गेली : प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर किंचित चढलेली ठेवायची. शिशाला जे अशक्य होते ते गणिताच्या रेषांना शक्य झाले. दोन अक्षरे एकाच जागेत, थोडीशी का होईना, एकत्र राहू लागली. पण असा मजकूर वक्ररेषांमध्ये रूपांतरित केला आणि त्याला सम-विषमाचा नियम लागला, तर काय होईल? जिथे जिथे शिरोरेषा एकमेकींवर चढल्या आहेत तिथे तिथे पांढरी चीर. काने, मात्रा, वेलांट्या जिथे अक्षराला भिडतात तिथेही तेच. जी जागा दोन अक्षरांना जोडण्यासाठी मुद्दाम सामाईक ठेवली होती, नेमकी तीच यंत्राने रिकामी केली. शब्द वाचता येतो, पण दात पडलेल्या तोंडासारखा दिसतो.

रेडियमची अक्षरे कापणाऱ्या कारागिराला विचारा. त्याच्या यंत्राचे पाते रंग बघत नाही, फक्त रेषेवरून चालते. शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्या राहिल्या तर पाते प्रत्येक जोडावर काप देते, आणि दारावरच्या पाटीवर लावायचे नाव तुकड्यातुकड्यांनी हातात येते. म्हणून जाणता कारागीर आधी 'वेल्ड' करतो, मगच कापायला घेतो. हा प्रश्न जुना झालेला नाही. २०१६ साली आलेल्या, जाडी हवी तशी कमी-जास्त करता येणाऱ्या 'व्हेरिएबल' फाँटमध्ये अक्षरांचे अवयव सर्रास एकमेकांवर चढलेले असतात, आणि नियम चुकला की तिथेही तसल्याच पांढऱ्या चिरा उमटतात.

हे झाले काळ्या-पांढऱ्याचे. रंगीत चित्रात उलटे म्हणजे काय? पडद्यावर प्रत्येक रंगछटा शून्य ते २५५ अशा आकड्यांत सांगतात. उलटे करायचे म्हणजे तो आकडा २५५ मधून वजा करायचा. काळ्याचे पांढरे होते, लालाचे निळसर हिरवे, पिवळ्याचे निळे. इलस्ट्रेटरमध्ये २००० साली आणि पीडीएफमध्ये २००१ साली अशा रंगमिश्रणाच्या पद्धती आल्या. 'डिफरन्स' ही त्यांतली एक. वरच्या आणि खालच्या रंगांची वजाबाकी करायची. वरचा आकार पांढरा असेल तर खालचे सगळे रंग उलटतात, आणि वरचा आकार काळा असेल तर काहीच बदलत नाही.

पण या वजाबाकीला एक आंधळी जागा आहे. मधल्या करड्याचा आकडा १२८. २५५ मधून १२८ गेले, उरले १२७. डोळ्याला दोन्ही सारखेच. करड्यावर उलटा केलेला आकार दिसतच नाही. उलटून दाखवण्याची युक्ती चालते ती फक्त जिथे बाजू ठळक असतात तिथे. ढालींचा तो जुना नियम, धातूवर रंग आणि रंगावर धातू, याचे मोल इथे कळते. त्या मंडळींनी करडा पटावर येऊच दिला नव्हता.

शिवाय शाईला वजाबाकी येत नाही. शाईवर शाई चढली की गडदच होते. लालावर हिरवी छापून पांढरे कधी उमटत नाही. म्हणून पडद्यावर वजाबाकी कितीही सुंदर दिसली तरी छपाईत शेवटी खालचा रंग तेवढ्या आकारात कापून काढावा लागतो, आणि वरचा रंग त्या भोकात नेमका बसवावा लागतो. कागद जरासा हलला की कडेला पांढरी रेघ दिसते. निर्णयसागरच्या काळातली फट आणि आजची ही रेघ, दोघी बहिणीच म्हणायच्या.

या सगळ्यातून मला काय दिसते ते सांगून थांबतो. रंग उलटण्याची ही रीत डोळ्यांना फार न्यायी वाटते. दोन्ही आकार पूर्ण दिसतात, कोणाचाच बळी जात नाही. चॉसरच्या ढालीवर ती शोभते, कारण तिथे मधली जागा कोणीतरी रंगाने भरलेली आहे. यंत्रात मात्र त्याच रीतीमागे एक हिशेब असतो, आणि तो हिशेब म्हणतो की दोघांची जागा कोणाचीच नाही. बोधचिन्ह करताना हा हिशेब कामाचा आहे. नाव लिहिताना तो नाव तोडतो. एकजीव करण्याचा नियम नाव राखतो, पण कोण कुठे संपले आणि कोण कुठे सुरू झाले हे पुसून टाकतो. झाकण्याचा नियम एकाला पुढे करतो, दुसऱ्याला मागे. फुकटचा नियम एकही नाही.

पोस्टस्क्रिप्ट असो की इंटरनेटवरच्या चित्रांसाठी २००१ साली ठरलेले एसव्हीजीचे मानक असो, दोन्हींत एक तपशील मला बरा वाटतो. वेगळे काही सांगितले नाही तर ती फेऱ्यांचा नियम धरतात. म्हणजे एकाच दिशेने काढलेल्या दोन आकारांची सामाईक जागा भरलेली समजली जाते; रिकामी हवी असेल तर तसे मुद्दाम लिहावे लागते. भोक पाडायचेच असेल तर ते निदान कोणीतरी ठरवून पाडावे, आणि पाडण्यापूर्वी तिथे कोणाची शिरोरेषा जोडलेली आहे हे एकदा पाहून घ्यावे. मधली जागा रिकामी की भरलेली, हे वर्तुळांच्या रेषांत कुठेही लिहिलेले नसते. ते नियमात असते, आणि नियम माणूस निवडतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)